विनूदादाची ओळ

"हे कुणी केलं?" भाऊकाका खुर्चीतून अर्धा उठला. "पुष्कर, हे कुणी केलं रे?"

"कुणी नाही केलं. तू लिहिलेलीच फाईल उघडली आहे."

"मी असं लिहिलेलं नाही!"

लॅपटॉप देवरुखच्या घराच्या पडवीत, सुपारी निवडायच्या मेजावर ठेवला होता. पडद्यावर आमच्या कुळाची माणसं ओळीने उभी होती. मूळपुरुष सगळ्यांत डावीकडे, त्याचे मुलगे थोडे आत, नातवंडं आणखी आत. अशा उतरत उतरत माझ्या आजोबांवर, म्हणजे आबांवर ओळी आल्या होत्या. आबांच्या खाली त्यांचे दोन मुलगे, भाऊकाका आणि माझे बाबा. आणि भाऊकाकाच्या खाली, एक पायरी आत, स्वच्छ दिसत होतं: विनायक.

ह्याला बरीच वर्षं झाली, पण भाऊकाकाचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं आणि मग लगेच राग येतो.

कॉलेजात असताना मी 'टिपण' नावाचं एक साधं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्यात काहीही नव्हतं, उघडायचं आणि लिहायचं. रंग नाहीत, चित्रं नाहीत, नुसता मजकूर. जगात ते वापरणारी माणसं फार तर एका बसमध्ये मावली असती, आणि त्यातला सगळ्यांत चिवट प्रवासी म्हणजे भाऊकाका. तो आमच्या कुलवृत्तांत मंडळाचा कार्यवाह. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या माणसांची छापील वंशावळ. कोण कुणाचा, कुठे गेला, काय केलं. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याने अख्खं कूळ माझ्या टिपणमध्ये दोन बोटांनी टाईप केलं होतं. बाप डावीकडे, मुलगा स्पेस मारून आत. काकाच्या दृष्टीने ते झाड होतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने नुसत्या ओळी होत्या, कुणी कुणाचं नव्हतं.

मग त्याचे फोन सुरू झाले. "मेल्या, एवढा शिकलास, तर मला एक फांदी मिटता येईल असं कर की. सांगलीची शाखा बघायची तर गुहागरची आधी सगळी खाली ढकलावी लागते. आणि एखाद्याला उचलला तर त्याची पोरंबाळं बरोबर यायला नकोत?"

म्हणून मी टिपणला ते सगळं बसवलं. आता प्रत्येक ओळ कुणाच्या तरी पोटात होती. ज्याच्या खाली कुणी असेल त्याच्या नावापुढे एक छोटा त्रिकोण यायचा, त्यावर टिचकी मारली की खालचं सगळं मिटायचं. टॅबचं बटण दाबलं की ओळ आत जायची, शिफ्ट धरून दाबलं की बाहेर. एक माणूस हलवला की त्याची लेकरं, नातवंडं त्याच्यामागून निघायची. संमेलन आठवड्यावर आलं होतं आणि मी सुट्टी काढून ते दाखवायला देवरुखला आलो होतो. पहिल्या पाच मिनिटांतच हे झालं.

"मी त्याला असा मध्येच ठेवला होता," काका म्हणाला. आवाज खाली आला होता. "वर एक मोकळी ओळ सोडली होती. स्पेसपण वेगळे दिले होते. कुणाच्याच खाली नाही, असा."

"हो, पण आता तसं लोंबकळत ठेवता येत नाही. ओळ कुणाच्या तरी खाली तरी हवी, नाहीतर एकदम डावीकडे. तुझी ओळ त्याच्या वर होती, म्हणून प्रोग्रॅमने तो तुला दिला."

"प्रोग्रॅमला काय अक्कल आहे?"

प्रोग्रॅमला अक्कल नव्हतीच, पण अख्ख्या देवरुखला होती. विनूदादाचे कान, विनूदादाची पाय फेकत चालायची तऱ्हा, बोलताना मान डावीकडे टाकायची खोड, सगळं भाऊकाकाचं होतं. बाजारपेठेत कुणीही सांगितलं असतं. सांगत मात्र कुणी नव्हतं. विनूदादाची आई द्वारकामावशी कोवळ्या वयात विधवा होऊन आमच्याकडे स्वयंपाकाला आली होती. मालूकाकू लग्न होऊन ह्या घरात आली त्याच वर्षी विनू जन्मला. घरातल्यांनी द्वारकेला घालवून द्यायचं ठरवलं तेव्हा आबा मध्ये उभे राहिले. "ती माझी लेक म्हणून इथे राहील," म्हणाले. तिला त्यांनी मागच्या अंगणात दोन खोल्या दिल्या, लिहायला-वाचायला शिकवलं, आणि पोराला आडनाव दिलं. पुढे आबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं. आबांच्या फोटोला हार रोज तिचाच असायचा.

"एकदम डावीकडे घे त्याला," काका म्हणाला.

मी घेतला. विनूदादा मूळपुरुषाच्या बरोबरीला जाऊन बसला.

"अरे, असं काय करतोस! हे म्हणजे तो नवीन कूळच सुरू करतोय!"

"मग सांग कुठे."

"पुसून टाक."

"काका, तुझ्या संमेलनाचा मांडव, वीज, जेवण, गाड्या, सगळं तो बघतोय. पुसून टाक काय!"

तेवढ्यात मालूकाकू चहा घेऊन आली. मी गडबडीत ओळ परत हलवली तर ती पुन्हा काकाच्याच खाली जाऊन पडली. काकूने कप ठेवले, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाकून बघत राहिली. बराच वेळ.

"हा त्रिकोण कसला रे, पुष्कर?"

"खाली कुणी असेल तर येतो."

"ह्यांच्या नावापुढे आलाय."

"हं."

"आणि विनूला काढलास तर?"

"तर जाईल."

"जाईल," काकू म्हणाली. तिला मूलबाळ नव्हतं. त्यासाठी ती कुठल्या देवाला गेली नव्हती असं नाही. तिने कप माझ्यापुढे सरकवला. "चहा घे, निवतोय. आणि तुम्ही, उगीच घाम पुसत बसू नका. मी बघते काय करायचं ते. मला शिकव रे ते आतबाहेर."

काकू शाळेत हेडमास्तरीण होती. मी तासाभरात दाखवलं आणि दुपारपर्यंत तिचा हात माझ्याहून सफाईने चालायला लागला. एकेक घराणं मिटत होतं, उघडत होतं. "हे गुहागरकर गेले आत. हे आले बाहेर. मजा आहे रे तुझ्या खेळण्यात," म्हणाली. मला बरं वाटलं. काकूला माझं कौतुक वाटतंय ह्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

संध्याकाळी विनूदादा आला. त्याचं बाजारात पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं, हाताला कायम तांब्याच्या तारेचे ओरखडे. मला अंगणातल्या टाकीशी घेऊन गेला.

"पुष्कर, तू ते नवीन केलंयस म्हणे. त्यात मी आहे ना?"

"आहेस."

"पहिल्या आवृत्तीत काय लिहिलं होतं माहितेय? पानाच्या तळाशी. 'विनायक, आबांच्या घरी वाढले.' बस. जसं काही वासरू वाढलं." तो हसला. "माझं जाऊ दे रे. शाल्मलीला चिपळूणचं स्थळ आलंय. चांगली माणसं आहेत, मुलगा बँकेत आहे. पण त्याचे आजोबा विचारतात, तुम्ही ह्या आडनावाचे ना, मग कुठल्या शाखेचे? वृत्तांतात दाखवा. आता मी काय दाखवू? तळटीप?"

"भाऊकाकाशी बोललास?"

"तो माझ्याशी मोटारीबद्दल बोलतो. पाणी चढत नाही, वायसर बदल." मग एकदम माझा दंड धरून म्हणाला, "मला कुणाचं नाव नको, इस्टेट नको. मला नुसतं आत घे. कुठेही चालेल. पोरीला कुणी तळटीप म्हणून बघायला नको."

मी त्याला सांगितलं की आता ते काकूच्या हातात आहे. तो काकूशी बोलायला गेला. पाच मिनिटांत परत आला तो लहान पोरासारखा उड्या मारतच.

"काकू म्हणाली, तुला आत घेते. मानाने घेते म्हणाली, सगळ्यांसमोर. बघ, उगीच आपण तिला खाष्ट म्हणतो!"

संमेलन मंगल कार्यालयात होतं. मुंबई, पुणे, इंदूर, कुठून कुठून माणसं आली होती आणि सगळ्यांची नाकं सारखी होती. विनूदादा सकाळपासून पळत होता. जनरेटर त्याचा, माईक त्याचा, पडद्याची दोरी त्याने बांधलेली. द्वारकामावशी मागे आचाऱ्यांवर लक्ष ठेवत होती. मोदकांच्या पारीला उकड तिच्याशिवाय कुणाची जमायची नाही.

जेवणाआधी वृत्तांताचा कार्यक्रम होता. विनूदादा मागे धावत गेला आणि आईला हाताला धरून घेऊन आला. तिचे हात पिठाने भरलेले.

"अरे, उकड गार होईल," ती म्हणत होती.

"होऊ दे. पाच मिनिटं बस. तुझ्या लेकाचं नाव येणार आहे." त्याने तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बायका जरा सरकून बसल्या. शाल्मली आजीला चिकटून बसली. चिपळूणचे ते आजोबासुद्धा आले होते, विनूदादानेच त्यांना बोलावलं होतं.

व्यासपीठावर भाऊकाका माईकपाशी आणि मालूकाकू लॅपटॉपपाशी. मी खाली वायरींजवळ. काकूने शाखा उघडून दाखवल्या, माणसं आपापली नावं दिसली की टाळ्या वाजवत होती. मग आबांची ओळ आली. खाली भाऊकाका, माझे बाबा. भाऊकाकाच्या पुढे त्रिकोण नव्हता. विनूदादाची ओळ काकूने सगळ्यांत खाली, एकटी ठेवली होती.

काकूने भाऊकाकाच्या हातून माईक घेतला.

"एक चूक आपल्या घरात फार वर्षं राहिली," ती वर्गात बोलायची तशी सावकाश बोलायला लागली. "विनूला आपण सगळे ओळखता. आज तुम्ही इथे पंख्याखाली बसलात ते त्याच्यामुळे. पण वृत्तांतात त्याला जागा नाही. का नाही? कारण आपल्याला लाज वाटते. मला नाही वाटत. ह्याच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या जागी नाव आहे ते रघुनाथरावांचं. माझ्या सासऱ्यांचं. त्यांनी स्वतः जाऊन लावलेलं. त्यांनी जे लपवलं नाही, ते आपण कोण लपवणार?"

मला आधी कळलंच नाही. आबांनी ते नाव पोराला शाळेत कुणी काही बोलू नये म्हणून लावलं होतं, हे घरातलं शेंबडं पोरही जाणत होतं. काकू तर पुरेपूर जाणत होती. मग पडद्यावर ती ओळ हलली. वर आली. आबांच्या खाली आली. काकूने टॅब दाबला आणि विनायक आत सरकून भाऊकाका आणि माझे बाबा ह्यांच्या रांगेत जाऊन बसला. तिसरा मुलगा.

बाहेरगावच्या माणसांना काय माहीत? त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. "वा, काय मोठं मन!" माझ्या शेजारची इंदूरची बाई डोळे टिपत म्हणाली. गावातली माणसं मात्र एकमेकांकडे बघत होती. भाऊकाका पायाजवळची वायर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? सुटका होती. लाज वाटायला हवी होती, तर माणसाने मोकळा श्वास घेतला.

मी द्वारकामावशीकडे बघितलं. तिला वाचता येत होतं, आबांनीच शिकवलं होतं. ती पडदा वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते. ज्या माणसाने तिला लेक म्हटलं, ज्याचं हगणं-मुतणं तिने काढलं, त्याच्या अंथरुणात काकूने तिला सगळ्या कुळादेखत नेऊन घातलं होतं. मेलेला माणूस काही बोलणार नव्हता.

मी व्यासपीठाशी गेलो. "काकू, हे काय चालवलंयस? हे खोटं आहे."

तिने माईक बाजूला धरला. माझ्याकडे अगदी मायेने बघितलं. "तूच ह्यांना म्हणालास ना रे, लोंबकळत ठेवता येत नाही? कुणाच्या तरी खाली हवा. माझ्या घराच्या खाली मी त्याला येऊ देणार नाही. जा, वायर बघ तुझी."

आणि माईक परत तोंडापाशी घेतला.

"आता एकच राहिलं. आपल्या पद्धतीप्रमाणे नावापुढे आईचं नाव घालायचं असतं." तिने खाली बघितलं. विनूदादा पडद्याच्या दोरीपाशी उभा होता. "सांगा, विनूभावजी. आईचं नाव काय घालू?"

भावजी! ज्याला ती आजवर "ए विनू, टाकी भरली का" म्हणून हाका मारायची, त्याला भावजी. हॉलमध्ये हसू उठलं, कौतुकाचं. विनूदादाचं तोंड उघडं होतं. त्याला सगळं कळलं होतं, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याने भाऊकाकाकडे बघितलं. भाऊकाकाने वायर पायाने सरळ केली.

मला वाटलं, आता हा उसळेल. आता हा ती दोरी सोडून देईल, पडदा खाली येईल, आणि काकूच्या तोंडावर सांगेल की माझ्या बापाला इथेच उभं राहून विचार. मी त्याच्याकडे बघून मान हलवत होतो, बोल, बोल. आईचं नाव सांगितलं तर आबा आणि आई एकत्र बांधले गेले. नाही सांगितलं तर आई गेली. तिसरा रस्ता होता, अगदी समोर होता, फक्त सगळं झाड तोडून जात होता.

विनूदादाने चिपळूणच्या आजोबांकडे बघितलं. ते चष्मा पुसून पडद्यावरचं नाव पुन्हा वाचत होते आणि समाधानाने मान डोलवत होते. शाल्मली आजीचा हात सोडून टाळ्या वाजवत होती.

"मोकळं ठेवा," विनूदादा म्हणाला. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला, "मोकळंच ठेवा, वहिनी."

"बरं," मालूकाकू म्हणाली.

पडद्यावर त्याच्या ओळीपुढे 'आई' एवढं लिहून आलं आणि पुढे काही नाही. काकूने आबांपुढच्या त्रिकोणावर टिचकी मारली, सगळे आत गेले, आणि ती पुढच्या शाखेकडे वळली.

मग एकच गर्दी झाली. पानं मांडली जात होती आणि जो तो विनूदादाची पाठ थोपटत होता. मुंबईच्या एका म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली, "म्हणजे तू माझा चुलतभाऊ रे!" चिपळूणच्या आजोबांनी तिथल्या तिथे शाल्मलीला जवळ बोलावून नाव-गाव विचारलं. विनूदादा हसत होता. आधी कसंनुसं, मग जरा बरं, मग चांगलंच. मी त्याच्यासमोर गेलो तर माझ्याही खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पुष्कर, आता तुला मला काका म्हणावं लागेल हां!"

मी त्याचा हात झटकून टाकला. "आई बसलीय तिकडे. बघितलंस का तिच्याकडे?"

"समजेल तिला," तो म्हणाला. "शाल्मलीसाठी केलं. समजेल. तिचं आता काय राहिलंय रे, म्हातारीचं? मी घरी बोलतो तिच्याशी नीट."

द्वारकामावशी पहिल्या रांगेत एकटीच बसून होती. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. बोटांवरचं पीठ वाळलं होतं, ते ती एका नखाने दुसऱ्या नखाखालून काढत होती. गावातल्या दोघीजणी तिच्याकडे बघून काही कुजबुजल्या आणि तिने वर बघताच पंगतीकडे वळल्या. इतकी वर्षं तिच्याबद्दल ह्या बायका बोलत नव्हत्या असं नाही, पण आबांच्या नावाने कधी बोलल्या नव्हत्या.

मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो.

"मावशी, मी ते काढून टाकतो. छापायला जायच्या आधी काढतो. फाईल माझ्याकडेच आहे."

"नको," ती म्हणाली. "पोरीचं जमतंय."

"पण आबांना..."

"आबांना मी काय तोंड दाखवू ते माझं मी बघेन." तिचे डोळे कोरडे होते. "तू जेवून घे जा. मोदक गार झाले की दडदडीत होतात."

तेवढ्यात विनूदादा आला. मुख्य पंगतीत, भाऊकाकाच्या शेजारी त्याचं पान मांडलं होतं. आजवर तो जेवायचा तो मागे, आचाऱ्यांबरोबर, सगळ्यांचं उरकल्यावर. कुणीतरी त्याच्या कपाळाला गंध लावलं होतं. भाऊकाका पाटावर बसून त्याच्याकडे बघत होता, आणि दोघांच्या माना डावीकडे पडल्या होत्या.

"आई," त्याने जरा लांबूनच हाक मारली. "चल ना. शाल्मलीशेजारी तुझं पान मांडायला सांगतो. आई, चल, उठ."

तिने पदराला हात पुसले आणि उठली. त्याच्याकडे बघितलं, अनोळखी पाव्हण्याकडे बघावं तसं, अदबीने. मी तिला त्याच्याशी अहो-जाहो करताना कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या आईला ऐकलंय?

"कुणाला हाक मारताय, विनायकराव?" ती म्हणाली. "बसा तुम्ही पानावर. मी वाढायला येते."